माझ्याच उबेची मला भीती वाटली

मित्रांनो, मला पाहिल्यावर ही मोटार आहे की घर, असा प्रश्न तुम्हाला पडेल. मी दोन्ही आहे. पुढे इंजिन आणि दोन आसने, मागे शेगडी, जेवायचे टेबल, छोटी न्हाणी आणि अगदी शेवटी दोघांपुरता पलंग. लोक मला घरगाडी म्हणतात. आता मी जुनी झाले आहे. माझा रंग उडाला आहे आणि कडेला गंजाचे ओघळ आले आहेत. तरी मला माझी गोष्ट सांगायची आहे, कारण एका दुपारी माझ्या हातून दोन माणसे मरता मरता वाचली.

माझा जन्म आयोवातल्या एका कारखान्यात झाला. कुणी माझी चौकट जोडली, कुणी पडदे शिवले. एका जाड मिशांच्या कामगाराने माझ्या गॅसच्या नळ्यांना साबणाचे पाणी लावले आणि बुडबुडे येतात का, ते डोळे बारीक करून पाहिले. मग त्याने हीटर लावून बघितला आणि बाहेर जाऊन धुराच्या नळीपाशी हात धरला. गरम वाफ हाताला लागली, तेव्हाच त्याने मान हलवली. थंडीच्या मुलखात जाणाऱ्या गाडीचा हीटर म्हणजे तिचा प्राण असतो.

मला घरी नेले ते व्हर्लिन आणि आर्डिस हॉगेन यांनी. ती दोघे नॉर्थ डकोटातल्या वेल्व्हा गावाजवळ राहत. व्हर्लिन गहू आणि सूर्यफूल पिकवायचा आणि सकाळ-संध्याकाळ शाळेची पिवळी बस चालवायचा. आर्डिस पोस्टाच्या खिडकीवर बसायची. शेत पुतण्याच्या हाती दिले आणि दोघे मोकळी झाली, तेव्हा त्यांना मी दिसले. व्हर्लिनने आधी आसन खालीवर केले, आरसे लावले, मैदानाला एक चक्कर मारली आणि म्हणाला, "वाईट नाही."

विकणाऱ्याचा चेहरा पडला. आर्डिस त्याला म्हणाली, "लग्नात मला पाहूनही एवढंच म्हणाला होता. कागद काढा तुम्ही."

मित्रांनो, पुढची वर्षे फार सुखाची होती. मिसूरी नदीच्या काठाने, ब्लॅक हिल्सच्या वळणांवरून, गव्हाच्या अथांग रानांमधून आम्ही हिंडलो. संध्याकाळी आर्डिस बटाट्याच्या पातळ पोळ्यांवर लोणी आणि साखर पसरायची आणि व्हर्लिन खुर्च्या बाहेर मांडायचा. शेजारच्या गाड्यांमधली माणसे डोकावून म्हणत, किती नीट ठेवली आहे! मला अभिमान वाटे.

व्हर्लिनची एक सवय मात्र बसमधून माझ्यात आली होती. कुठेही पोहोचलो आणि इंजिन बंद केले की तो उठून पुढून मागेपर्यंत चालत जाई. वाटेत प्रत्येक आसनाच्या पाठीला हात लावी. बसमध्ये एखादे लेकरू झोपून राहिले नाही ना, हे बघायची ती जुनी शिस्त. आर्डिस भांडी काढता काढता विचारायची, "उतरली का सगळी मुलं?"

"उतरली," तो गंभीरपणे सांगायचा.

दर वसंतात तो तारेचा ब्रश घेऊन माझ्या कडेला बसे. हीटरच्या नळीचे झाकण काढी, आत ब्रश फिरवी, मग हीटर लावून त्या कामगारासारखाच बाहेर हात धरून पाही. तो हे करत होता तोपर्यंत मला कशाची भीती नव्हती.

मग आर्डिसच्या खुब्याचे हाड बदलावे लागले. त्यानंतर व्हर्लिनच्या छातीत दुखू लागले. काही उन्हाळे मी पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिले. उंदरांनी माझ्या गाद्या कुरतडल्या. पुढच्या दाराची रबरी पट्टी सुकून फाटली. एका उन्हाळ्यात एक कुंभारीण माशी आली. ओल्या मातीची गोळी तोंडात धरून ती माझ्या हीटरच्या नळीत शिरली. पुन्हा गेली, पुन्हा गोळी आणली. ती आपल्या पिल्लांसाठी घर बांधत होती, तिचा दोष नव्हता. पण नळी भरत चालली होती. ते मला कळत होते आणि सांगायला मला तोंड नव्हते.

उन्हाळा संपता संपता एके दिवशी व्हर्लिन शेडमध्ये आला आणि माझ्या आसनावर बसला.  आर्डिस त्याला शोधत आली.

"जोलीनकडे जाऊ या," तो म्हणाला. जोलीन त्यांची मुलगी. ती मोंटानात, ग्रेट फॉल्सला राहते. "हिलाच घेऊन जाऊ."

"विमानानं जाता येतं, व्हर्लिन."

"विमानातून कुणाचा गहू कापून झाला ते दिसत नाही."

"जोलीन ओरडेल. या वयात म्हणे."

"जोलीनला गाडी कुणी शिकवली?"

आर्डिस हसली, पण तिचे डोळे हसत नव्हते. अलीकडे तो शेजाऱ्याचे नाव विसरे, एकदा तर दुकानातून घरी यायचा रस्ता विसरला होता. ही आपली शेवटची सफर आहे, हे तिला ठाऊक होते. म्हणूनच बहुधा ती हो म्हणाली.

निघायच्या आदल्या दिवशी व्हर्लिन ब्रश घेऊन आला. माझ्या कडेला गुडघ्यावर बसला आणि त्याने झाकणाला हात घातला. मला हायसे वाटले. इतक्यात तो थांबला. आपण काय करायला आलो, तेच हरवल्यासारखा हातातल्या ब्रशकडे बघत राहिला. मग ब्रश पायरीवर ठेवून तो घरात गेला आणि परत आला नाही.

संध्याकाळी आर्डिसने विचारले, "हीटर बघितलास ना?"

"बघितला. नळीही साफ केली."

मित्रांनो, तो खोटे बोलत नव्हता. त्याला तसे आठवत होते. इतक्या वसंतांमध्ये त्याने ते काम केले होते, त्यातलाच एखादा दिवस त्याच्या डोळ्यांपुढे असेल. आर्डिसला पायरीवर ब्रश दिसला. काम झाले असे समजून तिने तो खिळ्याला अडकवला. 

विषारी वायू ओळखणारी एक डबी माझ्या भिंतीवर होती. तीही म्हातारी झाली होती आणि उगाच टिकटिक करायची. व्हर्लिनने ती काढून खणात टाकली. "तिकडे पोहोचलो की नवी आणू," तो म्हणाला.

आम्ही पश्चिमेला निघालो. पहिले काही दिवस छान गेले. कापणी झालेली पिवळी राने, मधूनच एखादे धान्याचे उंच कोठार, बाकी सगळे आभाळ. मोंटानात शिरल्यावर एका चौकात व्हर्लिनने गाडी थांबवली. दोन्ही बाजूंना चिटपाखरू नव्हते. तरी तो हलेना. त्याचे हात स्टिअरिंगवर किंचित डावीकडे गेले, मग उजवीकडे. हातांना घाम आला होता. आता रस्ता कुठला, हे त्याला कळत नव्हते. आर्डिसच्या आधी ते मला कळले.

"काय झालं?" आर्डिसने विचारले.

"कुठं काय. बदकांचा थवा चाललाय, तो बघतोय."

आभाळ कोरे होते. आर्डिसनेही मान वर करून बघितले. "मोठा आहे थवा," ती म्हणाली. "आता सरळ जाताना ऊन डोळ्यांवर येईल हं तुझ्या. उन्हाची पट्टी खाली घे."

तो सरळ निघाला. त्यानंतर प्रत्येक वळणाआधी ती काहीबाही बोलू लागली. उजवीकडच्या पंपावर कॉफी चांगली मिळते म्हणे. डावीकडे ते चर्च किती जुनं आहे, बघ. त्याला वाट सांगतोय असे न भासवता ती त्याला वाट सांगत होती. मी मात्र पुरती घाबरले होते. माझे वजन फार आहे. त्या हातांनी एकदा चूक केली, तर मला थांबता आले नसते.

एका गावाबाहेर जत्रेचे रिकामे मैदान होते. तिथे थांबल्यावर आर्डिस म्हणाली, "मला ही चालवायला शिकव."

"आता? इतकी वर्षं म्हणायचीस, यापेक्षा ट्रॅक्टर परवडला."

"म्हणून तर. एकदा बघू दे किती परवडत नाही ते."

 व्हर्लिनने टोपी काढली, मांडीवर ठेवली. "आर्डिस, तुला माझी भीती वाटते का?"

तिला नाही म्हणता आले असते. "वाटते," ती म्हणाली. "थोडी."

"मलाही वाटते," तो म्हणाला. मग त्याने किल्ली काढून तिच्या हातात दिली. "आधी आरसे. आरसे लागल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही."

शिकवताना तो जराही अडखळला नाही. आर्डिसने मला एका कुंपणाला घासले, तेव्हा तो एवढेच म्हणाला, "कुंपण तिथं आधीपासून होतं." ती हसली आणि तिने पुन्हा वळण घेतले. पण मोठ्या रस्त्याला लागताना तोच परत स्टिअरिंगवर बसला, आणि तिने त्याला बसू दिले.

दुसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या आत वारा उत्तरेकडून फिरला. पाऊस येणार असे रेडिओने सांगितले होते. आले ते बर्फ. ऑक्टोबर नुकता लागला होता, इतक्या लवकर कुणाला अपेक्षा नव्हती. आधी आडवे कण, मग दाट पांढरा लोंढा. बघता बघता रस्त्याची कड गेली, मग रस्ताच गेला. व्हर्लिनने रस्त्यालगतच्या एका ओसाड कोठाराच्या आडोशाला मला कसेबसे उभे केले. फोनला रेंज नव्हती. त्याने इंजिन बंद केले.

"इंजिनाची मागची नळी बर्फात बुडाली की विष आत येतं," तो म्हणाला. "थंडी वाजली तर हीटर आहे."

ते त्याला बरोबर आठवत होते, मित्रांनो. म्हणूनच मला अधिक वाईट वाटते.

त्याने हीटर लावला. माझ्या पोटात ज्योत पेटली. धूर बाहेर जायला निघाला आणि त्या वाळलेल्या मातीवर आदळला. मागे फिरला. गंजून फटी पडलेल्या पत्र्यांतून तो हळूहळू आत पसरू लागला. त्याला ना रंग होता, ना वास. बाहेर वारा घोंघावत होता आणि आत छान ऊब येत होती. आर्डिसने बूट काढले, सूप गरम केले. दोघांनी ते वाडग्यांतून प्यायले.

"डोकं ठणकतंय," थोड्या वेळाने ती म्हणाली. "वादळानं असेल. पडते जरा."

ती मागच्या पलंगावर रजई घेऊन आडवी झाली. व्हर्लिन पुढे काचेतून बर्फ बघत बसला.

मी काय सांगू तुम्हाला? माणसांना ऊब द्यावी, एवढ्यासाठी मला बनवले होते. तीच ऊब मी त्यांना देत होते आणि त्यांना मारत होते. मला ज्योत विझवता येत नव्हती. खिडकी उघडता येत नव्हती. खणातली ती डबी मुकी पडली होती. आर्डिसचा श्वास मंद होत चालला. तिचे गाल लाल झाले होते, एखाद्या निरोगी मुलीसारखे. व्हर्लिनचे डोके छातीवर झुकले. फाटलेल्या रबरी पट्टीतून त्याच्या पायांवर गार वाऱ्याची एक धार येत होती, तेवढ्यावर तो जागा होता. पण तेही किती वेळ? मी नुसती ऐकत होते. दोन श्वास, एक जोराचा, एक अगदी हलका. हलका थांबेल या भीतीने माझ्यातले दुसरे काही मला ऐकूच येत नव्हते.

आणि मग व्हर्लिन उठला.

तो झोकांड्या खात होता. त्याचे डोळे उघडे होते, पण तो या दुपारी नव्हता. "शेवटचा थांबा," तो पुटपुटला. एका आसनाच्या पाठीला हात, मग दुसऱ्या. टेबलाला धरत तो मागे गेला. पलंगावर कुणीतरी रजईत झोपलेले त्याला दिसले.

"अगं, तू राहिलीस होय?" तो म्हणाला. "ऊठ पोरी. घर आलं."

आर्डिस हलली नाही.

"ऊठ ना. तुझी आई फाटकात उभी असेल. बसमध्ये कुणी राहिलं तर मी घरी कसा जाऊ?"

त्याने तिला खांद्यांना धरून बसवले. ती कण्हली. तिचे हात लोंबत होते. छातीचे दुखणे, वय, सगळे विसरून त्याने तिला काखेत धरून ओढत दारापर्यंत आणले. दार वाऱ्याने दाबून धरले होते. त्याने पाठ लावून ते ढकलले. बर्फाचा झोत आत घुसला आणि दोघे पायऱ्यांवरून खाली पडली.

आर्डिस हातांवर, गुडघ्यांवर होती. तिला उलटी झाली. मग तिने श्वास घेतला, खोल, खरखरीत. त्या आवाजासारखा सुंदर आवाज मी ऐकलेला नाही. व्हर्लिन नुसत्या शर्टात तिच्याशेजारी उभा होता.

"कुठलं घर तुझं?" तो विचारत होता. "नाव सांग, मी सोडतो."

तिने वर पाहिले. त्याच्याकडे, आणि मग माझ्याकडे. हीटर धडधडत होता, पण त्याच्या नळीच्या तोंडावर बर्फाचा थर जसाच्या तसा बसला होता. एक थेंबही वितळला नव्हता. तिला सगळे कळले. ती माझ्या चाकाला धरून उठली आणि श्वास रोखून आत शिरली. तिने हीटर बंद केला, गॅसची कळ फिरवली, छताची झडप आणि हाताला येईल ती खिडकी उघडली. बूट आणि दोन कोट घेऊन ती बाहेर आली.

"व्हर्लिन," कोटात त्याचे हात घालत ती म्हणाली, "मी आर्डिस."

तो तिच्याकडे बघत राहिला. "माहितीय मला," बऱ्याच वेळाने तो म्हणाला.

तिने त्याच्या कोटाची बटणे एकेक करून लावली. 

एक धोका टळला, पण दुसरा समोर होता. माझ्यातली ऊब वाऱ्याने धुऊन नेली होती आणि व्हर्लिनचे ओठ निळे पडू लागले होते. आर्डिसने सूप केलेले पातेले घेतले आणि माझ्या मागचा बर्फ उपसायला सुरुवात केली. खुबा बदललेली म्हातारी बाई, वादळात वाकून, पातेल्याने! इंजिनाची नळी मोकळी झाल्यावर तिने मला सुरू केले. खिडक्या उघड्याच ठेवून दोघे पुढे रजईत बसली. नळी पुन्हा बुजू नये म्हणून ती सारखी उठून बाहेर जात होती.

अंधारायच्या आधी बर्फ सारणारा एक ट्रक पिवळा दिवा फिरवत आला. त्याचा चालक गिल्बर्ट नावाचा शांत माणूस होता. त्याने सगळे ऐकून घेतले.

"अॅम्ब्युलन्स आत्ता येणार नाही," तो म्हणाला. "माझ्याकडे एकाच माणसाची जागा आहे. यांना घेऊन जातो, मग तुमच्यासाठी येतो."

"मी हिला सोडून जात नाही," व्हर्लिन म्हणाला.

"बाई, तुम्हाला चालवता येते का ही?"

आर्डिसने माझ्याकडे पाहिले. मला वाटले, ती नाही म्हणेल. "कालच शिकले," ती म्हणाली.

गिल्बर्टने मान डोलावली. "हळू जातो मी. चक्कर आली तर भोंगा वाजवा आणि जागेवर थांबा."

पुढे त्या ट्रकचा दिवा आणि मागे आम्ही. मित्रांनो, इतकी भीती मला आधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही. चाके सरकत होती. आर्डिसचे हात लाकडासारखे ताठ होते.

"ब्रेकवर पाय दाबू नकोस," शेजारून व्हर्लिन म्हणाला. दात वाजत होते, पण आवाज त्या मैदानातलाच होता. "नुसता ठेव. गाडीला कळतं. दिव्याकडे बघ, बर्फाकडे नको. असं."

अख्ख्या वाटेत तो बोलत राहिला आणि ती ऐकत राहिली. गावातल्या दवाखान्याच्या दारात मी थांबले, तेव्हा तिला बोटे स्टिअरिंगवरून सोडवता येईनात. एका परिचारिकेने ती हळूच सोडवली. दोघांच्या नाकांना प्राणवायू लावला. जोलीनला फोन गेला. ती फोनवर आधी ओरडली आणि मग रडली.

वादळ ओसरल्यावर एका गॅरेजवाल्याने माझी नळी उघडली. आतून मुठीएवढा मातीचा गोळा निघाला. त्याने तो आर्डिसच्या तळहातावर ठेवला. व्हर्लिन शेजारीच होता.

"मी साफ केली होती ना?" त्याने विचारले.

तिने गोळ्याकडे पाहिले. "ब्रश मी उचलून ठेवला, व्हर्लिन. तेव्हा आत डोकावायला मला काय झालं होतं?" असे म्हणून तिने तो गोळा कचऱ्यात टाकला आणि त्याचा हात धरला.

निघताना तो सवयीने माझ्या डाव्या, चालकाच्या दाराशी गेला. मुठीवर हात ठेवून उभा राहिला. आर्डिस किल्ली घेऊन मागे आली होती. थोड्या वेळाने तो स्वतःच माझ्या नाकाला वळसा घालून पलीकडे गेला आणि चढून बसला.

आता मी ग्रेट फॉल्सला जोलीनच्या अंगणात असते. व्हर्लिन तिथल्याच एका वृद्धाश्रमात राहतो. हवा चांगली असली की आर्डिस त्याला माझ्यात बसवून नदीकाठी नेते. काही दिवस तो तिला नावाने हाक मारतो, काही दिवस नाही. माझ्या भिंतीवर नवी डबी आहे आणि हीटरही नवा आहे. तरी कुणी त्याची कळ फिरवली की अजून माझ्या अंगावर काटा येतो.

म्हणून तुम्हाला एकच विनंती करते, मित्रांनो. तुमच्या घरात बंब असेल, शेगडी असेल, गॅसचा गीझर असेल, तर धूर बाहेर जायची वाट मोकळी आहे का, ते स्वतः बघा. आणि तुमच्या घरात वर्षानुवर्षे सगळ्यांची काळजी घेणारे कुणी म्हातारे माणूस "मी बघितलंय" म्हणाले, तर त्यांच्यावर रागावू नका, त्यांना हसूही नका. त्यांना म्हणा, "चला, मला दाखवा कसं करायचं ते." मग त्यांच्याबरोबर जाऊन आणखी एकदा बघा.